माग लागला

"निघता का खड्ड्यातून बाहेर, का भय्याजीले बोलावू वढून काढाले?"

"बोलाव. त्याच्या कमरेले पट्टा हाय. वाकला का तोच येऊन पडन माह्या मांडीवर."

"अवो, सव्वासहा झाले! गाडी दारात उभी हाय. नऊले पोचा लागते नागपूरले. ते कामिनी सिस्टर वाट पाहून राहते..."

"पाहू दे."

"आज बाटलीचा दिवस हाय!"

"मले मालूम हाय कायचा दिवस हाय. पाय गेले माहे, कॅलेंडर वाचाचे डोळे नाई गेले."

कुंताबाईनं हातातली पिशवी जमिनीवर आदळली. फाइल, चार पोळ्या, लोणच्याची डबी, नवऱ्याचा जास्तीचा शर्ट असं सगळं बाहेर आलं. पाण्याची बाटली तेवढी गडगडत खड्ड्याच्या काठापर्यंत गेली आणि भोजराजच्या मांडीला टेकून थांबली. भोजराजनं ती उघडली, दोन घोट पाणी प्यायला आणि झाकण लावायला लागला. झाकण काही बसेना. बोटं त्याच्यावरून घसरत होती. कुंताबाईनं बाटली हिसकावून घेतली, झाकण फिरवून घट्ट केलं आणि परत आदळली.

बाहेरून गाडीवाल्या भय्याजीनं हॉर्न वाजवला.

आंधळगावच्या कोष्टीपुऱ्यात या घराची पुढची खोली म्हणजे मागाचीच खोली. जमिनीत कमरेइतका खड्डा, त्याच्या काठावर विणकर बसतो, पाय खाली सोडतो आणि तळाशी असलेल्या पावड्या दाबत विणतो. भोजराज आज सकाळी पाच वाजता भिंत धरत, घसरत त्या काठावर येऊन बसला होता आणि दोन्ही पाय आत सोडून दिले होते. एकदा तो तिथं बसला की दोन माणसं लागतात काढायला, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. समोर मागावर कोशाच्या रेशमाची अर्धी साडी ताणलेली, अडीच वर्षांपासून तशीच. वर जुनी चादर टाकलेली. कुंताबाई दर शनिवारी चादर झटकते, साडीला हात लावत नाही.

"आखीन एकदा सांगतो," भोजराज म्हणाला. "पोरगा आज संग येईन, रक्त तपासाले देईन, तं मी बाटली लावून घेईन. तो नाई तं मीबी नाई."

"अन् बाटली चुकली तं?"

"चुकू दे."

"डॉक्टरीणबाई काय म्हनल्या होत्या? एकबी चुकवाची नाई म्हनल्या होत्या! तुमच्या एकट्याच्या नावानं ते औषध बाहेर देशातून येते. कोनाले मिळते असं? अन् हे महाराज खड्ड्यात बसले!"

"मंग पोराले सांग ना. माह्यावर कायले वरडून राहिली?"

आता हा माणूस मुळात हट्टी नाही. उलट, स्वभावानं अगदी गरीब. भोजराज मोतीलाल सोनकुसरे, वय अठ्ठावन्न. नऊ वर्षांचा असताना आईजवळ बसून कांड्या भरायला लागला, पंधराव्या वर्षी बापाशेजारी मागावर बसला. गावात म्हणायचे, गावाचं नाव आंधळं, पण भोजराजच्या बोटांना डोळे आहेत. ताण्यात हजारांवर धागे असतात. त्यातला एक तुटला तर विणकराला तो शोधावा लागतो, दिवा जवळ घ्यावा लागतो. भोजराज मान वर करून कोणाशी तरी गप्पा मारत असायचा आणि एकदम थांबायचा. "तुटला." पावडीवरच्या पायाला कळायचं. मग हात पुढे जायचा आणि नेमका त्याच धाग्यावर पडायचा. धागा सांधून पुन्हा गप्पा सुरू. एकदा व्यापारी पाहायला आला होता, त्यानं मुद्दाम सुरीनं एक धागा कापला आणि भोजराजला डोळे मिटायला लावले. भोजराजनं तो धागा सांधला आणि म्हणाला, "हा तुटला नाई, कापला हाय. कापला त्याले चहा पाजू का नोको?"

एवढी हुशारी आणि एका शब्दापुढं सगळी फुकट गेली.

तो शब्द असा. या घरात पुरुषाला चाळिशी-पन्नाशीत काहीतरी व्हायचं. आधी तळपायांची आग व्हायची, मग पाय बधिर व्हायचे, मग हात. मग पोट बिघडायचं, माणूस सुकत जायचा, उभं राहिलं की चक्कर यायची. भोजराजच्या आज्याचं असंच झालं, बापाचं, म्हणजे मोतीलालचं असंच झालं, मधल्या काकाचंही. कोणी विचारलं तर घरचे सांगायचे, "माग लागला." जसं उन्ह लागतं, तसा माग लागतो. खड्ड्यात ओल असते, सादळ असते, जन्मभर पाय त्यात सोडून बसलं की ती ओल पायाच्या नळीतून वर चढते. उपायही ठरलेले होते. खड्ड्यात गोणपाट टाकायचं, थंडीत काठाशी शेगडी ठेवायची, पायांना मोहाचं तेल चोळायचं. आणि या समजाला भक्कम पुरावा होता: धाकट्या काकानं माग सोडून किराणा दुकान टाकलं होतं. तो अठ्ठ्याहत्तर वर्षं जगला आणि शेवटपर्यंत सायकल चालवत होता.

"पाहा," सगळे म्हणायचे. "मागावर बसला नाई, वाचला."

म्हणून भोजराजनं काय केलं? पोरगा कमलेश सात वर्षांचा असताना खेळता खेळता खड्ड्यात उतरला आणि पावडीवर नाचायला लागला. भोजराजनं त्याला दंडाला धरून वर काढलं आणि एक सणसणीत थापड मारली. जन्मात एकच. त्यानंतर कमलेशनं मागाला हात लावला नाही. आयटीआय केलं, वरठीच्या पोलाद कारखान्यात फिटर म्हणून लागला. कोष्टीपुऱ्यातले म्हातारे म्हणायचे, भोजराज, एवढी बोटं तुझी, पोराला दे ना. भोजराज म्हणायचा, "बोटं नाई देत, पाय देतो. साबूत पाय." चार पिढ्यांचा धंदा त्यानं आपल्या हातानं बंद केला, आणि तेही समाधानानं.

मग एक्कावन्नाव्या वर्षी त्याचेच तळपाय पेटले. त्यानं फक्त खड्ड्यात नवीन गोणपाट टाकलं. पुढं एक साडी परत आली. काठाजवळ चार बोटं लांबीचा तुटलेला धागा तसाच विणला गेला होता. व्यापाऱ्याला वाटलं दुसऱ्या कोणी विणली. भोजराजनं साडी घडी करून पेटीत ठेवली. आणि एका दुपारी कुंताबाई चुलीवर कोसे उकळत होती. भोजराजनं त्या उकळत्या भांड्यात हात घालून कोसा उचलला आणि पाहत राहिला, शिजला का म्हणून. किंचाळली ती कुंताबाई.

तिथून दवाखाने सुरू झाले. भंडारा झालं, नागपूर झालं. कोणी साखर तपासली, कोणी मणक्याचा फोटो काढला, कोणी मनगटाचं ऑपरेशन केलं, कोणी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली. कुंताबाईच्या पवनीच्या भावानं एक वैद्य सांगितला, त्यानं सहा महिने काढा पाजला. तीन वर्षं. आणि या तीन वर्षांत प्रत्येक डॉक्टरनं एक प्रश्न हमखास विचारला: घरात आणखी कोणाला असा आजार होता का?

आणि भोजराजनं प्रत्येकाला खणखणीत सांगितलं, "नाई जी. आमच्या घरान्यात कोनालेच आजार नाई."

शेवटी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात नसांच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. त्यांनीही विचारलं, त्यांनाही तेच उत्तर मिळालं. त्या पुढचं लिहायला लागल्या, आणि लिहिता लिहिता सहज म्हणाल्या, "वडील कशानं गेले?"

"माग लागला होता."

"काय लागला?"

"माग. आमचा हातमाग. पाय मुके झाले, मंग हात मुके झाले, मंग पोट गेलं. सुकून गेले."

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. "आणि आजोबा?"

"त्याइलेबी माग लागला."

"काका वगैरे?"

"मधल्याले लागला. लहान्यानं किराना टाकला होता, तो वाचला."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "भोजराजजी, हे तुम्ही तीन वर्षांत एकाही डॉक्टरला सांगितलं नाही?"

"तुमी आजार विचारला," भोजराज म्हणाला. "आजार कोनालेच नव्हता."

डॉक्टरीणबाई उठून खिडकीशी गेल्या आणि पाठ करून थोडा वेळ उभ्या राहिल्या. कुंताबाई सांगते, त्या हसत होत्या का कपाळ बडवत होत्या, ते पाठीवरून समजलं नाही.

रक्त तपासायला बाहेर पाठवलं, रिपोर्ट आला. मागाचा काही संबंध नव्हता. यकृतात एक प्रथिन तयार होतं, ते या घराण्यात जन्मापासूनच चुकीचं तयार होतं. ते मोडतं, गोळा होतं आणि वर्षानुवर्षं नसांवर साचत जातं. बापाकडून पोराकडं, पोरीकडं. प्रत्येक मुलामागं शक्यता अर्धी. किराणावाला काका किराणामुळं वाचला नव्हता. त्याच्या वाट्याला ते आलंच नव्हतं.

भोजराज ऐकून म्हणाला, "म्हंजे गिरणीतूनच खराब सूत येऊन राहिलं."

"बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आणि हे औषध गिरणीला सांगतं, की ते सूत काढू नको."

"अन् विणून झालं ते?"

"ते फारसं उसवत नाही. पुढचं थांबतं."

भोजराजनं मान डोलावली. त्याला समजलं, असं सगळ्यांना वाटलं. समजलं काही नव्हतं, कारण औषध बाटलीतून येत होतं.

आपल्या जिल्ह्यात बाटली म्हणजे सलाईन आणि सलाईन म्हणजे ताकत. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून कंबर धरली की बाया गावच्या डॉक्टरला सांगतात, गोळ्या नोको, बाटली लावा. बाटली लागली, तासभर पडलं, उठलं की माणूस टणटणीत. त्यामुळं पहिल्या दिवशी भोजराज नवरदेवासारखा गेला. आधी तासभर गोळ्या आणि इंजेक्शनं दिली, औषधाची रिअॅक्शन येऊ नये म्हणून. मग सुई लागली, थेंब थेंब सुरू झालं. दीड तास. गोळ्यांच्या गुंगीत भोजराज घोरला. जागा झाला तो कामिनी सिस्टर सुई काढत होती. त्यानं खिशात हात घातला आणि कोशाचा एक धागा काढला, वीतभर. आंगठा आणि बोटात धरून चोळला. पुन्हा चोळला.

"काका, काय करून राहिले?" कामिनी म्हणाली.

"परीक्षा."

"मग? पास का नापास?"

"नाई लागून राहिला," भोजराज म्हणाला आणि धागा खिशात ठेवला.

दर तीन आठवड्यांनी हाच खेळ. औषध, झोप, धागा, नापास. गावात पोचायच्या आत लोक विचारायचे, "का भोजराज, कितवी बाटली? आली का ताकत?" पाचवीपर्यंत तो म्हणायचा, येईन. दहावीला म्हणाला, "दहा बाटल्यांत तं मेलेली म्हैस उठली असती." कोणी सांगितलं डॉक्टर बदल, कोणी सांगितलं बाटलीत पाणीच असेल. डॉक्टरीणबाईंनी दर वेळी पाय तपासले, हातात पकडीचं यंत्र दिलं, चालायला लावलं, आणि नऊ महिन्यांनी खूश होऊन म्हणाल्या, "तुमचं वाढलेलं नाही! होतं तिथंच आहे! फार छान!"

भोजराज कुंताबाईकडं वळला. "विहिरीत पडलेल्या मानसाले वरून सांगून राहिल्या, आखीन खाली नाई गेला, फार छान."

"मंग खाली जाचं होतं का?" कुंताबाई म्हणाली. "तुमचे बाबा दोन वर्षांत खाटेवर पडले. तुमी अजून काठी घेऊन देवळात जाता. शर्टाचं वरचं बटन आपल्या हातानं लावता. अन् गाऱ्हानं सांगता!"

ती हे चौदा बाटल्यांपासून सांगते आहे. रोजची जीवनसत्त्वाची गोळी तीच देते, दर तिसऱ्या गुरुवारी भय्याजीला तीच उठवते, नागपूरच्या बाकावर पाय आखडून तीच बसते. पण औषधाला भोजराज वैतागला, चिडला, बोलला, तरी नाही कधी म्हणाला नव्हता. नाही म्हणाला तो गेल्या रविवारी.

त्याचं असं झालं. कमलेश अंगणात मोटरसायकल धूत होता, हाफ पॅन्टवर. नुकताच मोहाडीहून फिरून आला होता, गाडी तापलेली. भोजराज ओसरीवर बसला होता. बोलता बोलता कमलेशची उजवी पोटरी सायलेन्सरला लागली. लागली ती लागूनच राहिली. सायलेन्सरचा चटका कसा असतो हे इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. माणूस वीतभर उडतो. कमलेश फडकं मारत होता आणि वरठीच्या कुठल्याशा साहेबाची नक्कल करत होता. भोजराज ओरडला तेव्हा त्यानं खाली पाहिलं. "अरे! लागलं वाटते," म्हणाला आणि पाणी ओतलं. संध्याकाळी रुपयाएवढा फोड आला होता.

भोजराजला ते उकळतं भांडं आठवलं. त्या रात्री तो जेवला नाही, आणि सोमवारपासून एकच धोशा: रक्त दे.

"बाबा अजून खड्ड्यातच?" कमलेश आतून आला. कारखान्याचा निळा शर्ट, खांद्याला डब्याची पिशवी, पायात मोजे. मोटरसायकलची किल्ली दाराजवळच्या खुंटीवर. "आई, मी निघून राहिलो. आठची ड्युटी हाय."

"तुह्या ड्युटीले आग लागो! बापाले सांग काईतरी!"

"काय सांगू? मी कालच सांगतलं. मी धडधाकट हाय. सायलेन्सर कोनाले लागत नाई?"

"लागते सगळ्याइले," भोजराज म्हणाला. "वरडत कोन नाई ते सांग."

"माही चामडी जाड हाय. भट्टीजवळ काम करतो, सवय हाय गरमीची."

"माहे बाबाबी म्हनत, ओलीची सवय हाय."

"बाबा, तुमीच तं म्हनत होते! मागावर बसला नाई तो वाचला. मले एक दिवस बसू देलं का तुमी मागावर? एक थापड अजून लक्षात हाय माह्या. मी मागावर बसलोच नाई, तं मले माग लागन कसा? किरान्यावाला लहाना आजा वाचला का नाई?"

"त्याच्या आंगातच नव्हतं रे ते!"

"मंग माह्या आंगात काहून असन?"

"तेच तं पाहाचं हाय ना, गधड्या!"

बाहेर हॉर्न. "कुंतावैनी!" भय्याजीचा आवाज. "सवारी येऊन राहिली का मी चहा मारून येऊ?"

"मारा! दोन मारा!" कुंताबाई ओरडली. मग दोघांच्या मध्ये येऊन उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवले. "बाप खड्ड्यात बसला, पोरगा गाडीवर बसाले निंगाला, अन् मी कुठं बसू? सांगा ना! बाटली यांची चुकन, रक्त तुहं राहीन, अन् डॉक्टरीणबाई विचारन कोनाले? मले! दर खेपेले विचारते, मुलगा कधी येतो, मुलगा कधी येतो. अन् हे सांगतेत ड्युटी असते. चौदा खेपा झाल्या, कारखाना का एकटा कमलेशच चालवून राहिला?"

कमलेश भिंतीला टेकला. आवाज खाली आला. "आई, रिता माहेरी, सानगडीले हाय. सातवा महिना हाय तिले. तिच्या घरी मालूम पडलं का खानदानी बिमारी हाय म्हनून, तं काय म्हनतीन? अन् रिपोर्टमध्ये निंगालं, तं मी तिले काय सांगू? पोराले पाहून काय पाहू मी, त्याचे पाय?"

 मागावरची चादर वाऱ्यानं थोडी हलली.

"अन् निंगालं तरी," तो पुढं म्हणाला, "मले बाटली मिळन याची गॅरंटी हाय का?"

"नाई," भोजराज म्हणाला. "तेची गॅरंटी नाई. पन डॉक्टरीणबाईनं सांगतलं हाय, जितकी लवकर लागली, तितकं वाचते. माह्यावेळी अर्धी साडी विणून झाली होती, मंग सूत थांबलं. तुही अजून चार बोटंबी नसन झाली." तो थांबला. "मी तीन वर्षं माग माग करत घालवली, कमलेश. तू तं मागावर बसलाबी नाई, तू तरी कायले त्याचं नाव घेतं?"

"मले काई झालंच नाई!"

"मंग बस खाली."

"काय?"

"बस. मोजे काढ. डोळे मीट. पाच मिनिटं. तुहं खरं निंगालं, तं मी चुपचाप गाडीत बसतो अन् आखीन कधी रक्ताचं नाव घेत नाई. कुंते, तू साक्षी."

कमलेशनं घड्याळ पाहिलं, आईकडं पाहिलं, हताशपणे मान हलवली. पिशवी ठेवली, खड्ड्याशेजारी पाय लांब करून बसला, मोजे ओढून काढले. डोळे मिटले. "घ्या. करा तुमची डॉक्टरी."

भोजराजनं शर्टाच्या खिशातून तो कोशाचा धागा काढला. चौदा वेळा नापास झालेला, वापरून वापरून मऊ झालेला. एक क्षण स्वतःच्या बोटांत धरला आणि मग कुंताबाईपुढं केला. "तू धर. मले कुठं टेकला ते कळत नाई."

कुंताबाई पोराच्या पायांशी उकिडवी बसली. तिनं धाग्याचं टोक त्याच्या तळहातावरून ओढलं.

"हातावर," कमलेश लगेच म्हणाला. "गुदगुल्या होऊन राहिल्या."

पॅन्ट वर करून गुडघ्यावर टेकवला.

"गुडघा. डावा."

नडगीवर.

"नळीवर. खाली येऊन राहिला. सगळं तं समजून राहिलं, बाबा. झालं का?"

"एकच राहिलं," भोजराज म्हणाला.

कुंताबाईनं धागा उजव्या तळव्याला लावला. टाचेपासून आंगठ्यापर्यंत हळू ओढला. मग परत आंगठ्यापासून टाचेपर्यंत. तिनं वर पाहिलं. कमलेशचे डोळे घट्ट मिटलेले होते, तोंडावर वैताग.

तिनं धागा दुसऱ्या पायाला लावला. आंगठ्याला एक वेढा दिला आणि धरून बसली. 

"लाव ना आई," कमलेश म्हणाला. "सात वाजून राहिले. लावतं का जाऊ?"

कुंताबाईनं धागा सोडला नाही. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. खड्ड्याच्या काठावरून भोजराजला पोराचे दोन्ही तळवे समोरच दिसत होते.

"लावला हाय," भोजराज म्हणाला.

कमलेशनं डोळे उघडले. पायाच्या आंगठ्याभोवती गुंडाळलेला धागा पाहिला. धाग्याचं दुसरं टोक आईच्या हातात होतं. त्यानं आंगठा हलवला. आंगठा हलला, धागाही हलला. मग त्यानं हातानं धागा सोडवला, दोन बोटांत धरला आणि कितीतरी वेळ तसाच चोळत राहिला. हाताला तो लागत होता.

बाहेर भय्याजीनं हॉर्न वाजवला, या वेळी लांब.

"मंग?" भोजराज म्हणाला. आवाजात भांडण नव्हतं आता. "येतं का?"

कमलेश उठला. मोजे घातले नाहीत, पिशवी उचलली नाही. धागा शर्टाच्या खिशात टाकला, खुंटीवरच्या किल्लीकडं न पाहता तिच्यासमोरून गेला, आणि अनवाणीच बाहेर जाऊन भय्याजीच्या गाडीत बसला.